घरची खूण

१

बिब्बा सुईनं टोचला की काळा रस वर येतो. तो काडीनं कपड्यावर ठेवायचा, वर चुन्याचं बोट फिरवायचं आणि कपडा उन्हात धरायचा. झालं. मग भट्टी लावा, सोडा घाला, दगडावर आपटा. कपडा फाटेल, खूण जाणार नाही.

म्हाताऱ्याला हे बापानं शिकवलं आणि त्यावर त्यानं पंचेचाळीस वर्षं लॉंड्री चालवली. शाळा दुसरीत सुटली होती, पण साडेतीनशे घरांच्या खुणा डोक्यात होत्या. ठिपका, रेघ, फुली, अर्धा चांद. कागदावर त्यानं त्या कधी उतरवल्या नाहीत. एका घरचा कपडा दुसऱ्या घरी गेला, असं आजवर झालं नव्हतं. आणि हे तो गिऱ्हाइकाला न विचारताच सांगायचा.

बापानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. घर बंद पडलं की त्याची खूणही बंद, ती पुन्हा काढायची नाही. आणि घरच्या कपड्यांना खूण घालायची नाही.

"खूण म्हणजे पत्ता," बाप म्हणायचा. "जिथली खूण तिथं माल जाणार. आपण आपल्याच घरात आहोत. आपल्याला पत्ता कशाला?"

पुढं दुकान, मागं घर, घरामागं अंगण आणि अंगणात बिब्ब्याचं झाड. फळ पिकलं की देठाकडचा भाग नारिंगी आणि गोड होतो, खाली काळं बी लटकतं. तो गोड भाग म्हातारा वाळवून खाई. बायकोला मात्र त्या झाडाची सावलीही चालत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं पडलेली चार फळं ओंजळीत गोळा केली आणि संध्याकाळपर्यंत तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. आठ दिवस डोळे उघडले नाहीत. तेव्हा त्यानं झाडाभोवती दगडांचं रिंगण मांडलं. ते तिनं पुन्हा कधी ओलांडलं नाही.

त्याला स्वतःला बिब्बा उतत नसे.

"कातडं जाड," ती म्हणायची. "बाहेरून दिसतं त्याहून आतून जास्त."

२

झाडाची पानं पिवळी पडायला लागली, त्या सुमारास कोपऱ्यावरच्या बंद घरात भाडेकरू आला. घड्याळं दुरुस्त करायचा. एकटा जीव. मंगळवारी अकरा कपडे घेऊन आला. कुठलं घर, एवढंच म्हाताऱ्यानं विचारलं आणि एकेक कॉलर उलटून खूण घातली. दोन ठिपके, मधे आडवी रेघ. विचार करावाच लागला नाही, हात आपणहून चालला. म्हातारा स्वतःवर खूश झाला.

शनिवारी मुलगा गठ्ठा पोचवून आला आणि तासाभरात घड्याळवाला दुकानात हजर.

"काका, अकरा दिले होते. बारा आले."

"बारा?"

"हा रुमाल माझा नाही."

म्हाताऱ्यानं रुमाल हातात घेतला. पांढरा, कडेला बारीक शिवण. कोपरा उलटला. दोन ठिपके, मधे रेघ.

"खूण तुझीच आहे."

"खूण असेल. रुमाल बाईमाणसाचा आहे."

"मग घरात बाई असेल."

"असती तर काका, मी इतका वेळ इथं उभा राहिलो असतो का?"

घड्याळवाला हसला. मुलगाही हसला. म्हाताऱ्यानं रुमाल फळीवर ठेवला. कपडा कमी पडलेला त्यानं ऐकला होता, दुसऱ्यांच्या लॉंड्रीत पडतो. जास्त झालेला कधी ऐकला नव्हता.

३

पुढच्या शनिवारी पायमोजे आले. पांढरे, बायकी, एक जोडी.

"बाबा, आता कागदाच्या चिठ्ठ्या लावू," मुलगा म्हणाला. "नंबर टाकू. सगळीकडे तसंच करतात."

"नंबर वाचणार कोण?"

"मी."

"मग लाव की. मी गेल्यावर लाव."

पण त्याच्या मनात किडा शिरला. वय झालं. माणूस विसरतो, आणि आपण विसरतोय हेही विसरतो. म्हणून त्या आठवड्यात घड्याळवाल्याचा गठ्ठा त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. घेताना मोजले, अकरा. भट्टीत टाकताना अकरा. दोरीवर अकरा. इस्त्रीच्या टेबलावर एकेक घेतला, घडी घातली, रचला. अकरा. सुतळी आणायला वळला, चार पावलं. परत येऊन हात ठेवला तर ढीग बोटभर उंच.

वरून तिसरा. सुती गाऊन, फिकट निळा. घडी त्याच्यासारखीच, बाह्या आत आणि कॉलर वर. दुसऱ्या कुणाला ती घडी जमत नसे. कपडा गरम होता. पण इस्त्रीचा गरम वेगळा, तो आधी कडांना लागतो. हा मधेच गरम होता, पाठीवर.

त्यानं नाकाशी धरला. साबणाचा वास नव्हता. बंद कपाटाचा होता.

४

बटणं लावणं, उसवलेलं शिवणं, रफू करणं हे काम म्हातारीचं. मधल्या खोलीत तिचं पायमशीन होतं आणि दिवसभर त्याची खटखट दुकानापर्यंत ऐकू यायची. म्हाताऱ्याला त्याशिवाय काम सुचत नसे, हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

तो पायमोजे आणि गाऊन घेऊन आत गेला.

"हे बघ जरा."

तिनं मोज्यात मूठ घातली, टाच उजेडाकडे धरली.

"हे रफू माझं आहे."

"तू केलंस?"

"केलं नाही. पण माझं आहे." ती डावरी होती. तिचा टाका उलटा पडायचा, डावीकडून उजवीकडे. "आणि अहो, या गाऊनचा डावा खांदा बघा. आत घेतलाय. माझाच तेवढा उतरता आहे."

तिनं गाऊन अंगाला लावला. लांबी घोट्याशी बरोबर आली.

"कोण आहे ही घड्याळवाल्याची?" ती म्हणाली. "माझ्या मापाची दिसते. बघून या. सुंदर असेल."

म्हातारा हसला नाही. चपला घालून तो कोपऱ्यापर्यंत गेला. घराचं दार नवीन रंगवलं होतं. खिडकीत घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. म्हातारा रस्त्यातच उभा राहिला. दार तो बघत होता, आणि रंगाखालचं जुनं दार त्याला हळूहळू आठवत होतं.

या घराची खूण बंद होती. तीस वर्षांपूर्वी त्यानंच बंद केली होती. कोपऱ्यावरचं घर म्हटल्यावर हातानं तीच पुन्हा काढली.

म्हणूनच हात आपणहून चालला होता.

५

चौथ्या शनिवारी स्वेटर आला.

म्हाताऱ्यानं तो लपवायचा विचार केला, पण म्हातारी दुकानात दोरा मागायला आली होती. तिनं स्वेटर ढिगातून ओढला. राखाडी, गळाबंद.

"हा माझा स्वेटर."

"असे शंभर असतात."

"कोपराला ठिगळ आहे. राखाडी लोकर संपली म्हणून मी तपकिरी लावली होती. हे बघा." तिचा आवाज खाली आला. "हा तर फाटून गेला, अहो. त्याचं मी फडकं केलं. तुम्ही त्यानं इस्त्री पुसायचात."

म्हातारा इस्त्रीकडे बघत राहिला.

"तुम्ही विकत आणला म्हणाला होतात."

त्यानं टेबलावरची सुतळी उचलून गुंडाळायला घेतली.

"अहो, मी विचारतेय."

"नव्हता आणला," म्हातारा म्हणाला. "त्या कोपऱ्यावरच्या घरचा गठ्ठा होता. एकटी बाई राहायची. पोचवायला गेलो तर दार उघडलं नाही. नंतर घराला कुलूप लागलं. वर्षभर गठ्ठा फळीवर पडून होता. तुला थंडी वाजत होती त्या साली."

"आणि बाकीचे कपडे?"

"वाटून टाकले."

एवढं बोलायला त्याला पंचेचाळीस वर्षांतलं सगळं बोलणं खर्चावं लागल्यासारखं वाटलं. साडेतीनशे घरांत एक कपडा इकडचा तिकडे झाला नाही म्हणून सांगत फिरणारा माणूस. झाला होता. त्याच्याच घरात, खुंटीला.

"कॉलरच्या आत खूण होती," म्हातारी म्हणाली.

"तू पाहिली होतीस?"

"पाहिली नसेन? बावीस हिवाळे घातला मी तो. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणून काढलीत."

६

सोमवारी दुपारी म्हातारी मशीनवरच पेंगली. मान पुढं कलली होती, अंबाडा वर बांधलेला. म्हातारा चहाचा कप घेऊन मागं उभा राहिला आणि त्याला मानेवर काहीतरी दिसलं.

धागा चिकटला असेल. त्यानं कप ठेवला. काजळी असेल, चुलीची. त्यानं अंगठा ओला केला आणि घासला.

"काय चाललंय?" ती जागी झाली. "या वयात?"

"काही नाही. डाग आहे."

डाग गेला नाही. तिथं कातडी सुजली नव्हती, लालही नव्हती. बिब्बा तिच्या कातडीला लागला असता तर आत्तापर्यंत तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. हा डाग जुना होता, कातडीत बसलेला, कडा किंचित तपकिरी झालेल्या. हजार वेळा धुतल्यावर खूण होते तसा.

दोन ठिपके. मधे रेघ.

चहा तसाच ठेवून तो निघाला. दुकानात आला तर घड्याळवाला गठ्ठा घेऊन आलेला. डोळे तारवटलेले.

"काका, त्या घरात आधी कोण राहायचं?"

"का?"

"आतल्या खोलीत पाइप असावेत. आवाज होतो." तो उगाच हसला. "माझ्याकडे चाळीस घड्याळं चालू असतात, त्यात काहीही ऐकू येतं म्हणा. पण शनिवारी गठ्ठा आला की बाई बोलल्यासारखं होतं. एकेक नाव घेते. रुमाल. मोजे. गाऊन. स्वेटर. परवा म्हणाली, आता एकच राहिलं."

"कपडा?"

"ते नाही सांगितलं. घेऊन ये म्हणाली, शनिवारी."

म्हाताऱ्यानं गठ्ठा घेतला नाही. घड्याळवाला तो टेबलावर ठेवून गेला.

७

शुक्रवारपर्यंत म्हातारा जेवला नाही. मग त्यानं तिला समोर बसवलं आणि मानेवर काय आहे ते सांगितलं. तिनं हात मागं नेला, चाचपून पाहिलं. हाताला लागण्यासारखं काही नव्हतंच.

"पुसा."

"जात नाही."

"मग मला उद्या मुलाच्या सायकलवर बांधून पाठवणार? गठ्ठ्यात बारावी?"

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू? रडू?"

म्हातारा तिच्या जवळ सरकला.

"खूण पुसता येत नाही. वाढवता येते. एखादी चुकली तर मी एक रेघ जास्त काढतो, मग ती दुसऱ्या घरची होते. तो पत्ता राहत नाही."

"कुणाच्या घरची करणार मला?"

"आपल्या."

"आपल्याला खूण नसते म्हणता ना?"

"आजपासून आहे."

तिनं मान वळवून बाहेर पाहिलं. मागच्या दारातून झाड दिसत होतं. पानं बरीच गळली होती, फांद्यांना नुसती फळं.

"मला बिब्बा उततो, अहो."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे." तिनं अंबाडा वर धरला आणि मान खाली केली. "सरळ काढा. एवढं मिरवता."

त्यानं फळ टोचलं. काडीवर रस घेतला. या हातानं लाखभर खुणा काढल्या असतील, हात कधी हलला नव्हता. आता हलला. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि आडव्या रेघेखाली एक उभी रेघ ओढली. वर चुना लावला. मागच्या दारातलं ऊन होतं तेवढं पुरलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"खाजतंय आत्तापासूनच."

त्याला हायसं वाटलं. खाजत होतं, म्हणजे ती तीच होती.

८

शनिवार उजाडेपर्यंत तिचं तोंड सुजून डोळे मिटले. मानेवर फोड आले, ताप चढला. म्हाताऱ्यानं तिला आतल्या खोलीत निजवलं, तेल लावलं, चमच्यानं पेज पाजली. ती शिव्या देत होती. त्या ऐकून त्याला धीर येत होता.

घड्याळवाल्याच्या गठ्ठ्यात अकरा कपडे निघाले. त्यानं तीनदा मोजले. मुलगा पोचवून आला. काही झालं नाही.

त्यानंतरचे दिवस तो तिच्या उशाशीच होता. आठव्या दिवशी, दुपारी, घड्याळवाला स्वतःच आला. दाढी केलेली, चेहरा हलका.

"काका, आवाज बंद झाला. आठवडा झाला, चिटपाखरू नाही. घर एकदम रिकामं वाटतंय. जसं कुणी सामान आवरून गेलं."

"गेलं?"

"हो. बरंच झालं."

म्हाताऱ्याला वाटलं, सुटलो. आता ते कपडे भट्टीखाली घालून जाळावेत. तो फळीपाशी गेला. फळी मोकळी होती.

"इथले कपडे?"

"कुठले? तो गाऊन, स्वेटर?" मुलगा इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाला. "आईनं नेले सकाळी. आता घरचेच आहेत म्हणाली."

"आई उठली?"

"उठली म्हणजे काय, आली होती ना इथं. सूज पण उतरली की तिची."

तेव्हा म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की मशीनची खटखट चालू आहे. कधीपासून, हे सांगता आलं नसतं. ती असली की तो ऐकत नसे. नसली की ऐकायचा.

तो अंगणाच्या बाजूनं गेला, उगाच, लांबच्या वाटेनं. झाडावर आता पान नव्हतं. खाली आठ दिवसांची फळं पडून असायला हवी होती, त्यानं उचलली नव्हती. जमीन साफ होती. दगडांच्या रिंगणातला एक दगड बाजूला सरकवून ठेवला होता, नीट, माणसाला जायला वाट होईल इतका.

म्हातारा मधल्या खोलीच्या दारात आला.

ती मशीनवर बसली होती, दाराकडे पाठ. अंगात निळा गाऊन, वर राखाडी स्वेटर. मशीनच्या फळीवर वाडगा, त्यात बिब्ब्याची फळं. ती डाव्या हातानं एक उचलायची, नारिंगी भाग दातानं तोडायची आणि काळं बी बोटांत चुरडून परत वाडग्यात टाकायची. रस मनगटापर्यंत ओघळला होता. मनगट स्वच्छ होतं. एक पुरळ नाही.

अंबाडा वर बांधलेला होता. मानेवर दोन ठिपके होते. मधे आडवी रेघ. तिच्याखाली त्याची उभी रेघ, मधे किंचित हललेली. फोड नव्हता. रेघ जुनी होती, पुष्कळ धुतलेली.

या घरचा पत्ता त्यानंच दिला होता.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

"अहो," आतून म्हातारी म्हणाली, घोगऱ्या, तापलेल्या आवाजात. "आहात का तिथं? मला काही दिसत नाही. पाणी देता का?"

मशीन थांबलं.

म्हाताऱ्यानं आत जायला पाऊल उचललं.

"तुम्ही बसा, आणते मी," मशीनवरची म्हणाली. आवाज तोच, त्याच्या सवयीचा. ती उठली, स्वेटर खाली ओढून सारखा केला, आणि मागं वळून न बघता आत गेली.

पाणी कुठं ठेवलंय, हे तिला विचारावं लागलं नाही.